श्रीहरिकोट्याला रॉकेटचं उड्डाण पाहायला जाताय? आधी हे वाचा

उपग्रह घेऊन जाणारं रॉकेट आकाशात झेपावताना समोर बसून पाहायचं असेल, तर भारतात आज त्यासाठी एकच जागा आहे, श्रीहरिकोटा. आंध्र प्रदेशाच्या तिरुपती जिल्ह्यातलं हे लांबट बेट. पश्चिमेला पुलिकतचं खारं सरोवर, पूर्वेला बंगालचा उपसागर. इथल्या सतीश धवन अवकाश केंद्राने २०१९ मध्ये सामान्य माणसांसाठी लाँच व्ह्यू गॅलरी उघडली. १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ या रॉकेटच्या उड्डाणाला तिथे पहिल्यांदा लोक बसले. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. लागतं ते वेळेवर नाव नोंदवणं, हाताशी दोन-तीन मोकळे दिवस आणि घरून करून नेलेला थोडा अभ्यास.

या तिन्हींतला अभ्यास सगळ्यांत जास्त महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. रॉकेट डोळ्यांना दिसतं जेमतेम दोन-तीन मिनिटं. त्या वेळात समोर काय चाललंय हे कळत असेल तर जन्मभर पुरेल असा अनुभव मिळतो. कळत नसेल तर धूर आणि आवाज एवढंच हाती लागतं, आणि मोठा प्रवास करून आलेली मुलं ‘झालं एवढंच?’ असं विचारतात.

कोणतं उड्डाण गाठायचं

वर्षभरात उड्डाणं मोजकीच होतात. त्यामुळे फार निवड करत बसू नका. तरीही आपण कोणतं रॉकेट पाहणार आहोत हे माहीत हवं. सध्या मोठी रॉकेटं तीन. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच, वजन साधारण ३२० टन. चांद्रयान-१, मंगळयान आणि आदित्य-एल१ यानेच नेलं. जीएसएलव्ही साधारण ५२ मीटर उंच आणि ४२० टनांचं. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला याच रॉकेटने गेला. तिसरं एलव्हीएम-३. उंची साडेत्रेचाळीस मीटर, पण वजन तब्बल ६४० टन. चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ यांचं वाहन हेच. याशिवाय छोट्या उपग्रहांसाठी एसएसएलव्ही आहे.

एलव्हीएम-३ ची तारीख जुळत असेल तर सोडू नका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या बूस्टरांत, म्हणजे सुरुवातीला जोर देणाऱ्या जोडरॉकेटांत, प्रत्येकी दोनशे टनांहून जास्त इंधन असतं आणि दोन्ही एकदमच पेटतात. दिवस की रात्र, याचं म्हणाल तर रात्री सगळं आकाश उजळतं आणि रॉकेटची ज्वाळा जास्त वेळ नजरेत राहते. दिवसा धुराची वळत जाणारी रेघ दिसते, तिच्यावरून रॉकेट कुठल्या दिशेला झुकलं ते नीट कळतं. बरोबर लहान मुलं असतील तर दिवसाचं उड्डाण बरं.

तारीख इस्रो साधारण आठवडा-दोन आठवडे आधी जाहीर करते. त्याच्या आधीच अंदाज हवा असेल तर ‘नोटॅम’वर लक्ष ठेवायला शिका. उड्डाणाच्या काळात ठरावीक हवाई आणि सागरी पट्टा बंद राहणार, अशी वैमानिकांसाठी निघणारी ही सूचना. ती निघाली की अवकाशवेड्यांच्या गटांत लगेच चर्चा सुरू होते. पण नोटॅममध्ये बहुतेक वेळा बरेच दिवस दिलेले असतात. त्यातली पहिली तारीख म्हणजे नक्की तारीख, असं धरून तिकीट काढू नका.

नोंदणी

नोंदणी श्रीहरिकोटा केंद्राच्या संकेतस्थळावर होते. ती कधी उघडणार हे इस्रोच्या अधिकृत समाजमाध्यमांवर सांगितलं जातं. चांद्रयानासारखी मोहीम असेल तर जागा पाहता पाहता भरतात, म्हणून घरातल्या सगळ्यांची माहिती आधीच एका कागदावर लिहून ठेवा. ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल नंबर. आधारकार्डावर ‘सुरेशराव’ असेल तर अर्जातही ‘सुरेशराव’च लिहा. जे ओळखपत्र अर्जात दिलं त्याचीच मूळ प्रत बरोबर न्या, पासची छापील प्रतही ठेवा. तिथे मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

पासबरोबर येणारी सूचनांची यादी घरातल्या एकाने तरी शब्द न् शब्द वाचावी. बॅग, कॅमेरा, दुर्बीण, खाण्याचे डबे यांबद्दल त्या दिवशी जे लिहिलं असेल तेच खरं. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाचं ऐकून सामान भरू नका. हा देशाचा संरक्षित परिसर आहे, दारावरचे जवान कुणाची समजूत काढत बसत नाहीत.

नोंदणीच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवा.

तारीख सैल ठेवा

नवखे लोक सगळ्यांत जास्त निराश होतात ते इथे. उड्डाण पुढे जाणं ही रॉकेटच्या जगात रोजची गोष्ट आहे. १५ जुलै २०१९ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, चांद्रयान-२ च्या उड्डाणाला ५६ मिनिटं उरली असताना घड्याळ थांबवण्यात आलं. रॉकेटमध्ये दोष आढळला होता. ते यान २२ जुलैला दुपारी गेलं. ऑगस्ट २०१३ मध्ये जीएसएलव्ही-डी५ चं उड्डाण इंधनगळतीमुळे सव्वा तास आधी रद्द झालं आणि पार ५ जानेवारी २०१४ ला पार पडलं. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपच्या प्रोबा-३ या जोड-उपग्रहाचं उड्डाण ऐन वेळी एका दिवसाने पुढे गेलं. गगनयानच्या पहिल्या चाचणी-उड्डाणाच्या दिवशी, २१ ऑक्टोबर २०२३ ला, तर अवघे ५ सेकंद उरले असताना संगणकाने सगळं रोखलं. दोष सापडला, दूर झाला आणि त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण झालं. पहिल्यांदा थांबल्यावर जे उठून बाहेर पडले असतील त्यांचं ते हुकलं.

म्हणून परतीचं तिकीट उड्डाणाच्या दिवशीचं काढू नका. मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा आणि रद्द करता येईल असंच आरक्षण करा. ईशान्य मोसमी पावसामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला धो-धो पावसाचा काळ. त्या महिन्यांत आणखी सैल हाताने आखणी करा.

बऱ्याच मराठी कुटुंबांना याच प्रवासात तिरुपतीचं दर्शनही करायचं असतं. श्रीहरिकोट्याजवळच्या सुल्लुरूपेटा गावाहून तिरुपती गाडीने दोन-अडीच तासांवर, त्यामुळे बेत चांगला आहे. फक्त एक ध्यानात घ्या. विशेष दर्शनाचं तिकीट कितीतरी आधी काढावं लागतं आणि त्याची तारीख हलत नाही. रॉकेटची तारीख हलते. दोन्ही गोष्टी लागोपाठच्या दिवशी ठेवल्या तर एकीवर पाणी सोडावं लागेल. दर्शनाचं आरक्षण आधीच असेल तर दोन्हींमध्ये पुरेसं अंतर राहील असंच उड्डाण निवडा. नसेल तर आधी रॉकेट पाहा आणि मग तिरुमलेला जाऊन मिळेल त्या रांगेत उभे राहा.

जायचं कसं, राहायचं कुठे

श्रीहरिकोट्याला सगळ्यांत जवळचं गाव आणि रेल्वे स्टेशन सुल्लुरूपेटा. चेन्नई-गुडूर मार्गावरचं हे स्टेशन चेन्नईच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर आहे. मुंबई, पुणे, सोलापूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत. चेन्नई सेंट्रलला उतरलात की शेजारच्या उपनगरी स्थानकातून सुल्लुरूपेट्यापर्यंत लोकल मिळते. स्वस्त आहे, पण वेळ लागतो आणि फेऱ्या कमी. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर चेन्नईहून गाडी केलेली बरी.

सुल्लुरूपेटा लहान गाव आहे. लॉज मोजके, आणि मोठ्या मोहिमेच्या वेळी ते सगळे भरलेले. तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी फोन लावा. जागा नाही मिळाली तर नायडुपेटा, गुडूर किंवा चेन्नईत उतरा. गावापासून अवकाश केंद्र साधारण वीस किलोमीटर. येण्या-जाण्याचं वाहन आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. उड्डाण संपलं की हजारो माणसं एकाच वेळी एकाच रस्त्याने परतायला लागतात, आणि तेव्हा रिक्षा शोधणं फार जड जातं.

गावातलं चेंगाळम्मा देवीचं मंदिर जाता जाता पाहा. मोठ्या उड्डाणाआधी इस्रोचे प्रमुख इथे येऊन जातात. हिवाळ्यात जाणार असाल तर आणखी एक सुख. श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून सरळ जातो आणि दोन्ही बाजूंच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. चिल्कानंतरचं हे देशातलं सगळ्यांत मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर. जवळच नेलपट्टूचं पक्षी अभयारण्य आहे, तिथे पाणकोळ्यांची वसाहत असते. उड्डाण एक दिवस पुढे गेलं तर तो दिवस इथे घालवा.

घरी करायचा अभ्यास

याला एक संध्याकाळ पुरते. कागद-पेन घ्या, मुलांना बरोबर बसवा.

पहिला प्रश्न, रॉकेट तळ इथेच का? नकाशावर श्रीहरिकोट्यापासून पूर्वेकडे बोट फिरवा. लांबवर समुद्रच समुद्र. जळून गेलेले टप्पे कुणाच्या डोक्यावर न पडता पाण्यात पडतात. दुसरं कारण पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. श्रीहरिकोटा जवळपास पावणेचौदा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथली जमीन सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते. पूर्वेकडे झेपावणाऱ्या रॉकेटला हा वेग फुकट मिळतो. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहाला मात्र दक्षिणेकडे जायचं असतं. तिथे हा फायदा नाही, आणि वाटेत श्रीलंका आहे. म्हणून असं पीएसएलव्ही आधी आग्नेयेकडे जातं आणि मग दक्षिणेकडे वळतं. धुराच्या रेघेकडे पाहताना हे आठवा.

साठच्या दशकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावर अशी जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंनी ज्यांना घातलं ते एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये इथून पहिलं छोटं रोहिणी रॉकेट उडालं. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चा पहिला प्रयत्न फसला आणि १८ जुलै १९८० ला दुसऱ्या प्रयत्नात रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. ते रॉकेट १७ टनांचं होतं. एलव्हीएम-३ च्या ६४० टनांशेजारी हा आकडा लिहा आणि मुलांना भागाकार करायला सांगा. २९ जानेवारी २०२५ ला या केंद्राचं शंभरावं उड्डाण झालं.

दुसरा प्रश्न, रॉकेटला टप्पे कशासाठी? रॉकेटच्या वजनातला बहुतेक भाग इंधनाचा. इंधन जळून गेल्यावर रिकामी टाकी पुढे वाहून नेणं म्हणजे उरलेलं इंधन वाया घालवणं. म्हणून रिकामा झालेला भाग सोडून द्यायचा आणि हलकं होऊन पुढे जायचं. पीएसएलव्हीचे टप्पे चार. पहिला घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा घन, चौथा द्रव. एलव्हीएम-३ ची रचना वेगळी. बाजूला दोन घन बूस्टर, मधे द्रव इंधनाचा गाभा, वर क्रायोजेनिक टप्पा. क्रायोजेनिक म्हणजे अतिशीत. त्यात द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन असतो आणि हायड्रोजन उणे २५३ अंशांखाली ठेवावा लागतो.

घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं. म्हणूनच जीएसएलव्हीमध्ये बाजूची चार द्रव इंजिनं शून्याच्या जवळजवळ पाच सेकंद आधी पेटवतात, ती नीट चालली आहेत हे संगणक तपासतो आणि मगच मधला घन टप्पा पेटतो. पीएसएलव्हीत अशी उसंत नाही. शून्य झालं की ते निघालंच.

आता जरा घरातलं. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे २.८ मीटर व्यासाची, पाच तुकडे जोडून केलेली पोलादी नळी. असे तुकडे बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा कारखाना फार जुना. ते रिकामेच श्रीहरिकोट्याला जातात आणि त्यांत इंधन भरलं जातं तिथल्याच कारखान्यात. दाट लापशीसारखं मिश्रण ओतून, रबरासारखं घट्ट होईपर्यंत भट्टीत ठेवतात. मधे एक पोकळी सोडलेली असते आणि इंधन त्या पोकळीच्या आतून बाहेरच्या बाजूला जळत जातं. पोकळीच्या आकारावरून कोणत्या क्षणी किती जोर मिळणार ते ठरतं. हे घन इंधन देशात तयार व्हावं म्हणून केरळातल्या थुंबा इथे ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं त्यांत डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. पुढे ते तिथल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. दुसऱ्या टप्प्यातलं ‘विकास’ इंजिन जिथे घडतं त्यातली एक जागा म्हणजे मुंबईत विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना. जीएसएलव्हीत अशी पाच विकास इंजिनं असतात. विक्रोळीहून रोज लोकल पकडणाऱ्या मुलाला हे सांगून बघा, आपण काय पाहायला निघालोय याचं त्याच्यासाठी रूपच बदलतं.

तिसरं काम, त्या मोहिमेची माहितीपुस्तिका. इस्रो प्रत्येक उड्डाणाआधी ती संकेतस्थळावर टाकते. तिच्यात एक तक्ता असतो, कोणत्या सेकंदाला कोणता टप्पा पेटणार, कोणता सुटणार, तेव्हा उंची आणि वेग किती असेल. हा तक्ता मराठीत उतरवून काढा आणि घडी करून खिशात ठेवा. त्या दिवशी तुमच्याकडची सगळ्यांत उपयोगी वस्तू तीच असेल.

उड्डाणाचा दिवस

पासवर दिलेल्या वेळेच्याही आधी पोहोचा. तपासणीच्या रांगा लांब असतात आणि उड्डाणाच्या काही काळ आधी प्रवेश बंद होतो. सैल सुती कपडे, टोपी, पाणी नेऊ देत असतील तर पाणी, उन्हाळ्यात मीठ-साखरेच्या पुड्या. किनाऱ्यावरचा दमटपणा मुंबईकरांना नवा नाही, पण देशावरून आलेल्यांना तो लवकर थकवतो. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा.

आत गेल्यावर जागा धरून बसून राहू नका. आधी अवकाश संग्रहालय आणि रॉकेटांच्या प्रतिकृती असलेली बाग पाहून घ्या. उड्डाणानंतर पाहू म्हटलं तर तेव्हा सगळ्यांचे पाय दाराकडे वळलेले असतात. बागेत पीएसएलव्हीच्या प्रतिकृतीपाशी थांबा, खिशातला तक्ता काढा आणि खालून वर एकेक टप्पा मुलांना बोट लावून दाखवा. घन, द्रव, घन, द्रव, आणि टोकाला उपग्रहावरचं उष्णतारोधक झाकण. तासाभराने हेच सगळं डोळ्यांसमोरून वर जाणार आहे.

गॅलरी म्हणजे उघड्यावरच्या चढत्या पायऱ्या. लाँच पॅड तिथून काही किलोमीटर दूर असतं, जवळचं दृश्य समोरच्या मोठ्या पडद्यांवर दिसतं आणि नियंत्रण कक्षातला आवाजही ऐकू येतो. उलटी गणती साधारण आदल्या दिवशीच सुरू झालेली असते. त्या काळात द्रव इंधन भरणं, बॅटऱ्या, वाऱ्याची मोजमापं, समुद्रातल्या बोटींवर नजर, सगळं चालू असतं. शेवटच्या काही मिनिटांत ‘ऑटोमॅटिक लाँच सीक्वेन्स’ अशी घोषणा कानावर येईल. म्हणजे आता सूत्रं संगणकाच्या हाती गेली. यानंतर काही बिघडलं तर तोच थांबवणार.

शेवटच्या अर्ध्या मिनिटाला मोबाइल खाली ठेवा. इस्रोचे कॅमेरे पॅडच्या अगदी जवळ आहेत, त्यांचं चित्रण कधीही पाहता येतं. तुमच्या डोळ्यांना जे दिसणार आहे ते फोनच्या पडद्यावर मावत नाही.

शून्य. पडद्यावर ज्वाळा दिसते आणि दूरच्या झाडीच्या माथ्यावर प्रखर, पिवळसर पांढरा ठिपका वर येतो. पूर्ण शांततेत. लोक ओरडत असतात, पण रॉकेटचा आवाज अजून आलेलाच नसतो. प्रकाश लगेच पोहोचतो, आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात. मुलांना शून्यापासून सेकंद मोजायला सांगा आणि त्या आकड्याला तीनने भागा. पॅड किती किलोमीटरवर आहे ते कळेल. मग आवाज येतो. आधी लांबून गडगडाट, नंतर फुटाण्यासारखा फटफट फुटणारा, छातीत जाणवणारा. घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असते, तिच्या ज्वलनामुळे ज्वाळा इतकी प्रखर आणि धूर इतका दाट पांढरा दिसतो.

पंचवीस सेकंदांच्या आसपास लक्ष ठेवा. सहा बूस्टरांचं पीएसएलव्ही असेल तर जमिनीवर चारच बूस्टर पेटलेले असतात, उरलेले दोन हवेत या सुमारास पेटतात. पावणेदोन-दोन मिनिटांनी पहिला टप्पा संपतो आणि ती जाड पांढरी रेघ एकदम थांबते. बघणाऱ्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, विकास इंजिनाची ज्वाळा बारीक आणि जवळजवळ बिनधुराची असते. खिशातला तक्ता काढा, तिथे ‘पहिला टप्पा विलग’ असंच लिहिलेलं सापडेल. एलव्हीएम-३ मध्येही याच सुमारास बूस्टरांचा जोर ओसरत असताना मधल्या गाभ्याची दोन विकास इंजिनं हवेतच पेटतात.

दिवसाच्या उड्डाणाला दुर्बीण वापरणार असाल तर रॉकेट सूर्याच्या दिशेला सरकतंय का ते आधी पाहा आणि तसं असेल तर दुर्बीण लगेच खाली घ्या. मुलांच्या हाती ती एकट्याने देऊ नका.

रॉकेट दिसेनासं झालं तरी बसून राहा

इथे बरेच जण उठतात. उठू नका, खरी मोहीम तर आत्ता कुठे सुरू झालेली असते. आकाश रिकामं झालं तरी पडद्यावर एक रेषा पुढे सरकत असते, रॉकेटने कुठून जायला हवं ती आखलेली वाट आणि त्यावरून प्रत्यक्ष जाणारा ठिपका. नियंत्रण कक्षातून ‘परफॉर्मन्स नॉर्मल’ असं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. प्रत्येक टप्प्याला तक्त्यावर खूण करत जा. वेगाचा आकडा बघा. पृथ्वीजवळच्या कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, तिथपर्यंत तो कसा चढत जातो ते पाहण्यासारखं असतं. चांद्रयान-३ रॉकेटपासून वेगळं झालं ते उड्डाणानंतर सोळा-सतरा मिनिटांनी. आदित्य-एल१ ला तासाहून जास्त वेळ लागला.

आणि हे दरवेळी यशस्वी होईलच असं नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे पीएसएलव्ही-सी६१ चे पहिले दोन टप्पे व्यवस्थित पार पडले, तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि ईओएस-०९ उपग्रह गमावला. जमिनीवरून दिसणारा भाग तेव्हाही डोळे दिपवणारा होता. हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा. असं काही तुमच्या समोर घडलं तर विषय टाळू नका. तक्त्यावर कुठे खूण करायची राहिली ते दाखवा, आणि इस्रोने पुढे दिलेली माहिती घरी गेल्यावर एकत्र वाचा. वर्षानुवर्षं खपलेल्या माणसांचं काम त्या एका ओळीवर अडलेलं असतं.

बाहेर पडताना घाई नको. सरोवरातला रस्ता एकच, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्याच संध्याकाळची रेल्वे पकडायचा बेत ठेवू नका.

पास मिळाला नाही, किंवा शाळेची सहल असेल तर

गॅलरीचा पास नसेल तर केंद्राच्या आत जाता येत नाही. सुल्लुरूपेट्याच्या परिसरातून, आकाश स्वच्छ असेल तर थेट चेन्नईतूनही रॉकेट वर जाताना दिसतं, रात्रीचं तर छानच. पोलिसांनी रस्ता बंद केला असेल तर तिथून पुढे जायचा हट्ट करू नका.

उड्डाणाच्या तारखांची टांगती तलवार नको असेल तर थुंबा हा उत्तम पर्याय, आणि कोकण-गोव्याच्या लोकांना तर सोयीचाही. कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस थेट तिरुवनंतपुरमला पोहोचवते आणि थुंबा शहराच्या लगतच आहे. मच्छीमारांच्या या गावाजवळून पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जातं. म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला ही जागा निवडली गेली. गावाने आपलं सेंट मेरी मॅग्डालेन चर्च आणि बिशपांचं घर शास्त्रज्ञांना दिलं. चर्चमध्ये पहिली प्रयोगशाळा थाटली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला नाइके-अपाचे हे अमेरिकी रॉकेट इथून उडालं. त्या पहिल्या तुकडीत पुण्याचे प्रमोद काळे होते. त्याच चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे. दगडी भिंतींच्या आत रॉकेटांचे भाग आणि उपग्रहांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत. दीड-दोन तास हाताशी ठेवून जा, ओळखपत्र बरोबर असू द्या आणि भेटीच्या वेळा निघण्यापूर्वी साराभाई केंद्राच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

शाळेची सहल न्यायची असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची यादी, ओळखपत्रं असा रीतसर अर्ज त्या त्या केंद्राला बराच आधी पाठवावा लागतो. परवानगी हातात पडल्यावरच गाडी ठरवा. नववीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी इस्रोचा ‘युविका’ हा उन्हाळी कार्यक्रम २०१९ पासून आहे. निवड झालेल्या मुलांना साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शास्त्रज्ञांकडून शिकता येतं. निवडीत आठवीच्या गुणांबरोबर विज्ञान प्रदर्शनं आणि स्पर्धांमधला सहभाग धरला जातो आणि ग्रामीण भागातल्या शाळांना झुकतं माप असतं. त्याचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतात, त्यामुळे प्रमाणपत्रं गोळा करायला जानेवारीची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीतच फाइल तयार ठेवा.